गेटवरच्या वहीतून बीआरएसआर: भोसरीतल्या एका कारखान्याच्या कामाच्या नोंदी

कारखाना भोसरी एमआयडीसीत. सीएनसी टर्निंग, थोडं प्रेसकाम आणि एक पावडर कोटिंग लाइन. पटावर ५२ माणसं, ठेकेदाराकडची ३० च्या आसपास. शिवाय जवळच भाड्याचा एक गाळा आहे, तिथे पॅकिंग आणि डिबरिंग (पार्टच्या धारदार कडा काढणं) चालतं. मी क्वालिटी बघतो. आपल्यासारख्याच एखाद्या युनिटवर हे काम येऊन पडलं तर उपयोग व्हावा म्हणून या नोंदी ठेवल्या. आकडे आमचे आहेत, ते तुमच्याकडे लागू पडणार नाहीत. अडचणी मात्र बहुतेक पडतील.

६ मे २०२५

चाकणच्या आमच्या मोठ्या ग्राहकाच्या खरेदी विभागाची मेल आली. २०२४-२५ ची ऊर्जा, पाणी, कचरा, उत्सर्जन, अपघात आणि वेतनाची माहिती ३० सप्टेंबरपर्यंत त्यांच्या पोर्टलवर भरायची. वर्षअखेर आयएसओ १४००१ चं (पर्यावरण व्यवस्थापनाचं) प्रमाणपत्रही हवं, नाहीतर सप्लायर रेटिंगचे गुण जाणार. साहेबांनी मेल पुढे ढकलली, वर एक ओळ: "आयएसओचं तुम्हीच बघता ना, हेही बघा."

आधी हे येतं कुठून ते पाहिलं. सेबीनं बाजारमूल्यानं पहिल्या १००० लिस्टेड कंपन्यांना २०२२-२३ पासून बीआरएसआर, म्हणजे व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता यांचा अहवाल सक्तीचा केला. जुलै २०२३ मध्ये त्यातले मोजके निर्देशक वेगळे काढून बीआरएसआर कोअर आणला. मूल्यसाखळीतल्या, म्हणजे आमच्यासारख्यांच्या माहितीचा भाग मार्च २०२५ च्या परिपत्रकानं एक वर्ष पुढे गेला आणि ऐच्छिकही झाला. तोही पहिल्या २५० कंपन्यांपुरता, आणि खरेदी-विक्रीत दोन टक्के किंवा त्याहून जास्त वाटा असलेल्या भागीदारांपुरता.

आमचा वाटा दोन टक्क्यांच्या जवळपासही नाही. तरी मेल आली, कारण खरेदी विभागाला सरसकट सगळ्यांना पाठवणं सोपं पडतं. साहेबांना हे सांगितलं. ते म्हणाले, कायदा दाखवून ऑर्डर मिळत नाही. मुद्दा संपला.

९ मे

पोर्टलवरचा प्रश्नसंच छापून घेतला आणि प्रत्येक ओळीपुढे पेन्सिलीनं लिहिलं: बिल आहे, वही आहे, काहीच नाही. वीज, एमआयडीसीचं पाणी आणि पगार यांची बिलं आहेत. डिझेल, गॅस सिलिंडर, भंगार आणि टँकर यांच्या वह्या आहेत, पण भरवशाच्या नाहीत. एसीतला गॅस, कागद-पुठ्ठ्याचं वजन आणि ठेकेदाराच्या माणसांचे तास यांचं काहीच नाही.

हे वर्गीकरण पहिल्याच दिवशी करा. आमच्याकडे आधी एक्सेल शीट बनवायची आणि मग आकडे शोधायचे असा बेत होता. तो मी हाणून पाडला, त्याचा फायदा पुढे झाला.

कचऱ्याच्या तक्त्यात किरणोत्सारी कचऱ्याचाही रकाना आहे. साहेबांनी तो वाचून माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. शून्य लिहायचं. रिकामं ठेवलं तर पोर्टल पुढे जात नाही.

१७ मे

साहेबांच्या ओळखीतून एक सल्लागार ठरला. त्यांनी तयार शीट पाठवलं: विजेचे युनिट टाका, कार्बन डायऑक्साइडचे टन आपोआप येतात. अकाउंटच्या मॅडमनी बारा बिलांचे आकडे टाकले आणि उत्तर आलं ५८२ टन. ते मला जास्त वाटलं, म्हणून शीट उघडून बघितलं. दोन गोष्टी चुकल्या होत्या.

पहिली म्हणजे युनिट. आमचं कनेक्शन एचटी (उच्चदाब) आहे. महाराष्ट्रात एप्रिल २०२० पासून एचटी ग्राहकांची आकारणी केव्हीएएचवर (ग्रिडमधून खेचलेल्या एकूण ऊर्जेवर) होते. बिलावर तोच आकडा ठळक दिसतो, आणि तोच शीटमध्ये गेला होता: वर्षाचे ७ लाख १० हजार. उत्सर्जन काढायचं ते केडब्ल्यूएचवर (खऱ्या वापराच्या युनिटवर). तो आकडा त्याच बिलावर बारीक अक्षरात असतो. आमचा ६ लाख ९० हजार निघाला.

दुसरी म्हणजे गुणक, म्हणजे एका युनिटमागे किती उत्सर्जन धरायचं तो आकडा. शीटमध्ये ०.८२ होता, दहाएक वर्षांपूर्वीच्या काळातला. केंद्रीय विद्युत प्राधिकरण दरवर्षी ग्रिडच्या उत्सर्जनाचा डेटाबेस काढतं. त्याची तेव्हाची ताजी आवृत्ती डिसेंबर २०२४ ची, त्यात २०२३-२४ साठी ०.७२७ टन प्रति मेगावॅट-तास आहे. त्यानं आकडा आला ५०१.६ टन. म्हणजे ८० टन कमी, आणि तेही एकही मशीन बंद न करता.

सल्लागारांना फोन केला. ते म्हणाले, "सगळ्यांना हेच शीट देतो, कोणी तक्रार केली नाही." त्यांचे ४५ हजार ठरले होते, निम्मे दिलेही होते. उरलेल्या कामातून त्यांना मोकळं केलं आणि फक्त आयएसओची कागदपत्रं त्यांच्याकडे ठेवली. शीट आम्ही कोरं बनवलं. प्रत्येक ओळीला चारच रकाने: आकडा, एकक, कुठल्या कागदावरून, गुणक कुठला आणि कोणत्या आवृत्तीतला.

२४ मे

डिझेल. पंपावर आमचं उधारीचं खातं आहे. त्यावर जनरेटरसाठी कॅनमधून येणारं डिझेल, मालवाहू टेंपो आणि साहेबांच्या घरची गाडी असं सगळंच एकत्र. महिन्याचं एक बिल, लिटर एकत्र.

मेंटेनन्सच्या दादांनी जनरेटरचा तासमापक आणि लॉगबुक घेऊन डिझेल वेगळं काढायला सुरुवात केली. जुळेना. गुरुवारी आमची साप्ताहिक सुट्टी, देखभालीसाठी वीज बंद असते तीही बहुधा गुरुवारीच. त्या दिवशी कंपाउंडचे दिवे आणि सर्व्हर यांच्यासाठी वॉचमन काका जनरेटर चालवतात, पण लॉगबुक ऑफिसात कुलपात असतं. काकांची स्वतःची वही गेटवर निघाली. खाकी पुठ्ठ्याची. त्यात तारीख, सुरू, बंद आणि कॅन किती, सगळं होतं. ऑफिसच्या लॉगबुकपेक्षा ती वही खरी ठरली. पुढे टँकरच्या खेपाही तिच्यातच सापडल्या.

तरीही जनरेटर आणि टेंपो वेगळे करण्यात जी मेहनत गेली ती वायाच. दोन्ही आमचंच इंधन, दोन्ही स्कोप १ (आपल्याकडून थेट होणारं उत्सर्जन), दोन्हीला लिटरमागे २.६८ किलोचाच गुणक. बेरीज तीच येते. वेगळं काढायला हवं होतं ते फक्त साहेबांच्या गाडीचं डिझेल, कारण ती गाडी कंपनीच्या नावावर नाही आणि कंपनीच्या कामालाही नाही. ते वजा करून राहिले ८,००० लिटर, म्हणजे २१.४ टन.

आता पंपावर दोन खाती आहेत. साहेबांना हे पटवायला सगळ्यात जास्त वेळ लागला, पण त्यावर इथे लिहीत नाही.

४ जून

गाळ्याच्या विजेचं बिल मालकाच्या नावावर. आम्ही त्यांना भाड्याबरोबर रोख देतो, पावतीवर "लाइट बिलासह" एवढंच. गाळा आमच्या ताब्यात आहे, काम आमचं चालतं, म्हणजे वीज आमच्या हिशेबात यायलाच हवी. मालकांनी ग्राहक क्रमांक दिला, त्यावरून जुनी बिलं ऑनलाइन मिळाली.

पण हे एलटी (लघुदाब) कनेक्शन. रीडिंग महिन्याच्या मध्यावर होतं, १ तारखेला नाही. मार्चचं बिल म्हणजे फेब्रुवारीचा निम्मा आणि मार्चचा निम्मा. पहिल्या आणि शेवटच्या बिलातले युनिट दिवसांच्या प्रमाणात वाटून घेतले आणि कसे वाटले ते शीटवरच लिहून ठेवलं. आले ३८ हजार युनिट, २७.६ टन. भाडेकराराची प्रत फाइलला लावली. दुसऱ्याच्या नावाचं बिल बघून तपासणारा विचारणारच.

११ जून

पावडर कोटिंगची भट्टी एलपीजीवर चालते, ४७.५ किलोच्या सिलिंडरांच्या बँकेवर. वर्षात ३०० सिलिंडर आले. १४,२५० किलो, किलोला २.९८, म्हणजे ४२.५ टन. हिशेब सोपा वाटतो.

कोटिंगच्या सुपरवायझरनं शंका काढली: थंडीत सिलिंडर पूर्ण रिकामा होतच नाही. दाब पडला की तळाला गॅस असतानाच बदलावा लागतो. तो गॅस परत जातो, त्याचे पैसेही जातात. डिसेंबर-जानेवारीत किती परत गेला हे आता कळणार नाही. आम्ही सगळा जळला असं धरलं. आकडा थोडा फुगतो, पण तो कमी दाखवल्याचा आरोप तरी होणार नाही. तसं शीटवर लिहिलं.

परत जाणारा प्रत्येक सिलिंडर आता तोलूनच जातो. काटा स्टोअरमध्ये होताच, पडून होता.

२० जून

दोन्ही पालख्या आज पुण्यात. आळंदी-दिघी रस्ता बंद, निम्मी माणसं आलेली नाहीत, मशीनांचा एक सेल (गट) पूर्ण थांबलेला. म्हटलं, आज घातक कचऱ्याचं उरकावं. फॉर्म ४ ची (प्रदूषण मंडळाला द्यायच्या घातक कचऱ्याच्या वार्षिक विवरणाची) शेवटची तारीख ३० जून.

मागच्या तीन वर्षांचे फॉर्म ४ काढले, शेजारी मंडळाचं संमतीपत्र आणि मॅनिफेस्ट (कचरा नेल्याची चलनं) ठेवले. वापरलेलं तेल, प्रवर्ग ५.१: मॅनिफेस्टवरच्या बेरजा बरोबर. ईटीपीचा (सांडपाणी प्रक्रियेचा) गाळ, ३५.३: रांजणगावच्या सामायिक सुविधेला गेलेलं वजन आणि आम्ही भरलेलं वजन यांत एका वर्षी फरक, कारण शेवटची खेप एप्रिलमध्ये गेली होती. तेलकट चिंध्या आणि हातमोजे, ३३.२: संमतीपत्रात आहेत, फॉर्ममध्ये दरवर्षी शून्य. शून्य कसं असेल? रोज चिंध्या वापरतो. त्या साध्या कचऱ्यात जात होत्या. आजपासून लाल झाकणाचा पिंप, रोजचं वजन, वही. घातक कचरा ९० दिवसांच्या वर साठवायचा नाही, म्हणून पिंपावर तारखेचं लेबल.

भंगाराचं वेगळंच. टर्निंग-बोरिंगचा स्क्रॅप जीएसटी बिलावर जातो, त्याचं वजन बिलावर आहे. पुठ्ठा, फुटकी पॅलेट आणि प्लास्टिक पिशव्या मात्र कुदळवाडीचा एक जण एकगठ्ठा न्यायचा, रोख पैसे द्यायचा. या फेब्रुवारीत महापालिकेनं कुदळवाडीतली भंगाराची गोदामं पाडली, तेव्हापासून त्याचा फोन लागत नाही. जुनं वजन मिळणं शक्य नाही. मग जुलैमध्ये महिनाभर सगळं तोलायचं, त्याच्या बारापट धरायचं आणि "अंदाज" असं स्पष्ट लिहायचं ठरलं. नवा भंगारवाला चिखलीच्या पुढचा आहे, भाव कमी देतो, पण वजनकाट्याची पावती देतो. साहेबांनी आधी भाव बघितला. पावतीशिवाय मी फाइल बंद करणार नाही म्हटल्यावर हो म्हणाले.

टर्निंगच्या तेलकट चिप्सचं वजन तेलासकट भरतं. ते वेगळं करायच्या भानगडीत पडलो नाही.

२८ जून

आयएसओ १४००१ ची कोटेशनं. फरक इतका की हसू यावं. एकाचे ९ हजार, "प्रमाणपत्र आठवड्यात, ऑडिट ऑनलाइन फोटोंवर". दुसऱ्याचे तीन वर्षांचे मिळून १ लाख १५ हजार अधिक जीएसटी.

आयएसओ स्वतः कोणालाच प्रमाणपत्र देत नाही. ते देतात प्रमाणन संस्था, आणि त्या संस्थेला मान्यता कोणाची हे बघायचं असतं. भारतात ती एनएबीसीबी या राष्ट्रीय मान्यता मंडळाची, किंवा आयएएफ (अशा मंडळांची आंतरराष्ट्रीय संघटना) करारातल्या दुसऱ्या देशाच्या मंडळाची. ९ हजारवाल्याच्या नमुन्यावर एक गोल सोनेरी शिक्का होता, मंडळाचं नाव ऐकलेलं नव्हतं आणि आयएएफच्या यादीतही ते नव्हतं. ग्राहकाच्या क्वालिटीतल्या ओळखीच्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, "असली प्रमाणपत्रं आम्ही पोर्टलवरच नाकारतो. काही जणांना दोनदा पैसे भरावे लागले."

मोठं कोटेशन घेतलं. त्यात दोन टप्प्यांचं ऑडिट आणि पुढची दोन वर्षं देखरेख ऑडिट धरलेलं आहे. ते विचारून घ्या, पहिल्या वर्षाचाच आकडा दाखवणारी कोटेशनं स्वस्त वाटतात.

जाता जाता झेड या छोट्या उद्योगांसाठीच्या सरकारी प्रमाणपत्राचं ब्रॉन्झ करून टाकलं. शुल्क १० हजार, लघु उद्योगाला ६० टक्के सूट. ग्राहकाच्या पोर्टलवर त्याला जागा नाही. पण त्या निमित्तानं फोटो आणि सुरक्षेच्या नोंदी एकत्र झाल्या.

५ जुलै

एसी. मेकॅनिकच्या बिलावर "गॅस भरला, २८००". कुठला, किती, काही नाही. वर्षात तीन एसींत गॅस भरलेला. एक सीएमएम (पार्टची मापं तपासणारं मशीन) रूमचा, आर-४१०ए. दोन जुने विंडो एसी, आर-२२.

मशीनच्या नावपट्टीवर गॅसचा प्रकार आणि भरण्याचं वजन छापलेलं असतं. तेच पूर्ण गळालं असं धरलं. सीएमएम रूममध्ये १ किलो, तापमानवाढीची क्षमता (कार्बन डायऑक्साइडच्या किती पट) १९२४, म्हणजे १.९ टन. दोन्ही विंडो मिळून आर-२२ अडीच किलो, क्षमता १७६०, म्हणजे ४.४ टन. टेंपोच्या वर्षभराच्या डिझेलच्या निम्म्याला लागेल एवढं उत्सर्जन त्या जुन्या डब्यांमधून. साहेबांनी ते एसी काढायला लगेच परवानगी दिली, ही या कामातली सगळ्यात झटपट मंजुरी.

मेकॅनिकला सांगितलं, आधी सिलिंडर तोल, भर, परत तोल, दोन्ही वजनं बिलावर लिही. त्यानं दोनशे रुपये जास्त मागितले. दिले.

१८ जुलै

तीव्रतेचा आकडा मागितलाय: उलाढालीमागे किती उत्सर्जन आणि उत्पादनामागे किती. उलाढाल सोपी. उत्पादन कशात मोजायचं? आम्ही नगावर विकतो. २० ग्रॅमची पिन एक नग आणि चार किलोचा ब्रॅकेटही एक नग. पिनांची ऑर्डर वाढली की आमची "कार्यक्षमता" आपोआप सुधारणार. हे कोणालाही फसवेल, आधी आपल्यालाच.

म्हणून पाठवलेल्या मालाचं वजन घ्यायचं ठरलं. बिलावर नग, वजन नाही. प्रत्येक पार्टचं तयार वजन ड्रॉइंगवर असतं, पण ड्रॉइंगच्या सुधारणांमध्ये ते बदललेलं नसतं. चालू पार्ट प्रत्यक्ष तोलले, बंद झालेले ड्रॉइंगवरून घेतले. कामाचा जास्तीत जास्त वेळ या एका ओळीत गेला. आता पार्टचं वजन टॅलीत वस्तूच्या नोंदीलाच जोडलंय, त्यामुळे पुढच्या वर्षी बटण दाबलं की येईल.

साहेबांच्या मित्रानं त्यांना युरोपच्या सीबॅमची (आयात मालाच्या कार्बनवरच्या आकाराची) भीती घातली. तपासलं. त्यात लोखंड-पोलाद, अॅल्युमिनियम, सिमेंट, खतं, वीज आणि हायड्रोजन आहे. आमचे वाहनांचे भाग कस्टम्सच्या ८७०८ या कोडमध्ये जातात, ते यादीत नाहीत. पण एका मर्चंट एक्स्पोर्टरमार्फत थोडे स्टड जर्मनीला जातात, ते ७३१८ मध्ये, आणि ते यादीत आहेत. अहवाल देण्याचा संक्रमणकाळ ३१ डिसेंबर २०२५ ला संपतो. त्या पार्टांची वीज आणि पोलाद कुठून आलं याची वेगळी फाइल सुरू केली. यापुढे त्यात शिरलो नाही, आधी हे संपू दे.

२ ऑगस्ट

अपघाताचा दर. सूत्र: कामाचा वेळ गेलेले अपघात गुणिले दहा लाख, भागिले एकूण कामाचे तास. ठेकेदाराच्या माणसांचे तासही धरायचे. ठेकेदाराचं मस्टर म्हणजे एकाच शाईत एका दमात भरलेला महिना. त्यावर विसंबलो नाही, गेटवरच्या बायोमेट्रिकमधून तास काढले. सगळे मिळून १ लाख ९६ हजार. वर्षात एकाचं बोट प्रेसमध्ये सापडलं होतं, आठ दिवस रजा. दर आला ५.१.

साहेब दचकले. लहान कारखान्यात एका अपघातानं आकडा असाच उडतो. दोन झाले असते तर दहा. कोणीतरी सुचवलं की ती रजा आजारपणाची दाखवू. मी नाही म्हटलं. ईएसआयच्या कागदावर तो अपघात आहे, आणि तपासणारे ते कागद मागतात. शिवाय त्या प्रेसला दोन हातांचं बटण तेव्हापासून बसवलंय, ते सांगायला काय हरकत आहे.

लैंगिक छळ प्रतिबंधक अंतर्गत समितीची पाटी भिंतीवर आहे. पाटीवरच्या एक बाई नोकरी सोडून गेलेल्या, बाहेरच्या सदस्याचं पत्रच सापडत नाही. नवी समिती, नवं पत्र. दहा किंवा जास्त माणसं असतील तर २०१३ च्या कायद्यानं ती लागतेच, अहवालासाठी नाही.

२२ ऑगस्ट

पहिल्या टप्प्याचं ऑडिट आज झालं. आधी मिळालेली तारीख २१ होती, गुरुवार. मुंबईतल्या माणसाला भोसरीचा गुरुवार माहीत नसणं समजू शकतो, पण त्यांच्या अर्जात साप्ताहिक सुट्टीचा रकाना होता आणि आम्ही तो भरलाही होता. बदलून घेण्यात फोनाफोनी झाली.

ऑडिटर आत यायच्या आधी गेटवरच थांबला. तिथे घातक कचऱ्याच्या माहितीचा फलक आहे. त्यावरचे आकडे २०१९-२० चे, रंगानं रंगवलेले. म्हणाला, "इथूनच सुरू करू." सल्लागाराच्या सुबक मॅन्युअलला त्यानं फार वेळ दिलाच नाही. फलक आता पांढरा बोर्ड आणि मार्कर.

२३ सप्टेंबर

दुसरा टप्पा, दोन दिवस. दोन किरकोळ त्रुटी.

जनरेटरची चिमणी. सूत्र असं: इमारतीची उंची अधिक ०.२ गुणिले केव्हीएचं वर्गमूळ. आमचा २५० केव्हीए, म्हणजे छपराच्या वर ३.२ मीटर हवी. शेड सात मीटर, म्हणजे एकूण १०.२. आमची चिमणी ८.५ भरली. जनरेटर बसवला तेव्हा शेड बुटकी होती, नंतर छप्पर उचललं, चिमणी तशीच राहिली. फॅब्रिकेटरनं पाइप, आधार आणि परांची मिळून ३८ हजार सांगितले. दसऱ्याच्या आत माणूस मिळेना, सगळ्यांकडे मशीन साफ करून पूजेची गडबड.

दुसरी त्रुटी: तेलाची पिंपं ठेवलेल्या ट्रेची क्षमता एका पिंपाएवढीही नाही. पिंप फुटलं तर अर्धं तेल जमिनीवर. नवे ट्रे मागवले.

२९ सप्टेंबर

दोन गोष्टी एकदम: पोर्टल आणि प्रदूषण मंडळाचा फॉर्म ५ (वार्षिक पर्यावरण विवरण), ज्याची तारीख ३० सप्टेंबर. पाण्यापाशी अडलो. मागच्या वर्षांचे फॉर्म ५ आमचा एजंट भरायचा. त्यात पाणी दरवर्षी ३,६०० किलोलिटर. संमतीपत्रातले दिवसाचे १२ गुणिले ३०० दिवस. प्रत्यक्षात एमआयडीसीच्या मीटरवर २,७५० आणि दहा हजार लिटरचे ६४ टँकर, म्हणजे ६४०. एकूण ३,३९०. यंदा खरा आकडा भरला आणि सोबत पद्धत का बदलली याची एक ओळ. पोर्टलवरही ३,३९०च. एकाच पाण्याचे आकडे दोन ठिकाणी वेगळे असणं हेच तपासणाऱ्याला सगळ्यात आधी दिसतं.

पोर्टलवर गेलेलं एकूण उत्सर्जन: स्कोप १ मध्ये ७०.२ टन, स्कोप २ (विकत घेतलेली वीज) मध्ये ५२९.२. स्कोप ३ (कच्च्या मालासारखं बाहेरचं उत्सर्जन) रिकामं. कोअरमध्ये ते नाही. आमच्या बाबतीत त्यात पोलादच सगळ्यात मोठं निघेल हे उघड आहे, पण गिरणीकडून पार्टनिहाय आकडा आल्याशिवाय नुसत्या सरासरीवर लिहायचं नाही असं ठरलं.

१४ ऑक्टोबर

ग्राहकाकडून मूल्यमापनाला दोन माणसं आली. पूर्ण वर्ष बघितलंच नाही. नोव्हेंबर २०२४ निवडला आणि म्हणाले, या महिन्याचे सगळे कागद टेबलावर ठेवा. विजेचं बिल, पंपाची पावती, सिलिंडरची चलनं, मॅनिफेस्ट. काकांची खाकी वही त्यांनी फोटो काढून घेतली. टेंपोची एक पावती सापडेना, पंपावरून दुसरी प्रत मागवली, दुपारपर्यंत आली. गाळ्याच्या बिलावर अपेक्षेप्रमाणे बोट ठेवलं. करार दाखवला, पुढे गेले.

एक दुरुस्ती केली, आणि ती योग्य आहे. आर-२२ स्कोप १ मध्ये धरायचा नाही. तो एचसीएफसी, ओझोन थराच्या माँट्रियल कराराखालचा. बीआरएसआरमध्ये सात वायू मोजतात: कार्बन डायऑक्साइड, मिथेन, नायट्रस ऑक्साइड, एचएफसी, पीएफसी, सल्फर हेक्साफ्लोराइड आणि नायट्रोजन ट्रायफ्लोराइड. आर-२२ वेगळ्या ओळीत, बेरजेच्या बाहेर लिहितात. आर-४१०ए एचएफसी आहे, तो राहतो. म्हणून स्कोप १ झालं ६५.८ आणि एकूण ५९५ टन. त्यातले जवळपास ८९ टक्के वीज, म्हणजे एसी आणि चिंध्यांवर आम्ही जितका जीव काढला त्याचा एकूण टनांशी फारसा संबंध नाही. कंप्रेसरची हवेची गळती शोधायला हवी होती, ती अजून बाकी आहे.

पुठ्ठ्याचा "अंदाज" त्यांनी मान्य केला, पुढच्या वर्षी चालणार नाही असं लेखी दिलं. चिमणीचे फोटो आणि ट्रेचं बिल प्रमाणन संस्थेला पाठवलं आहे. प्रमाणपत्र यायचं आहे. गाळ्यासाठी सबमीटर मागवलाय, रीडिंग दर महिन्याच्या १ तारखेला पॅकिंगच्या ताई घेणार. एप्रिल ते सप्टेंबरचे आकडे शीटमध्ये भरून झाले, फक्त जूनची टँकरची पानं भिजलेली आहेत, ती टँकरवाल्याच्या बिलावरून घ्यायची.